नसलेली खंजिरी

गाणं संपलं तेव्हा स्वराने विचारलं, "बाबा, काही मिसिंग वाटलं?" आणि गुरुप्रसादने डोळे न उघडता नुसताच अंगठा वर केला. मिसिंग काय वाटायचंय? हे गाणं त्याच्या अंगात मुरलेलं होतं. शुक्रवारची सकाळ, कुवेतमधल्या खैरानच्या किनाऱ्यावरचा भाड्याचा शॅले, व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची, समोर हिवाळ्यातला गार समुद्र आणि डोक्यावर मुलीचे ते भलेमोठे हेडफोन. एवढं सुख पुष्कळ दिवसांत लाभलं नव्हतं. आत त्याची बायको चारुशीला आणि तिची मैत्रीण सोनल पोह्यांच्या तयारीला लागल्या होत्या, सोनलचा नवरा रूपेश वाळूत शेगडी पेटवायच्या खटपटीत होता आणि वारा त्याची काडी दर वेळी विझवत होता. "एक नंबर," गुरुप्रसाद म्हणाला. "ती खंजिरी ऐकलीस ना? समेवर नाही येत ती. समेच्या मागे, किंचित रेंगाळत येते. अजून काटा येतो बघ अंगावर." आणि शर्टाची बाही वर करून त्याने खरोखरच तो काटा दाखवला. स्वराने आधी हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, मग ती हसली. "बाबा, देअर इज नो खंजिरी. आय टुक इट आउट."

तिच्या लॅपटॉपमध्ये असलं काहीतरी होतं की त्यात गाणं घातलं की त्याचे पदर सुटे व्हायचे. ड्रम वेगळे, बास वेगळा, गाणारा वेगळा. जुन्या गाण्यांतले तुकडे उचलून त्यांच्यावर आपलं काहीतरी नवं रचायचा तिला नाद होता आणि बारावीची परीक्षा तोंडावर आली तरी तो सुटत नव्हता. आज तिने खंजिरीचा पदर तेवढा काढून टाकला होता, बाबांची फिरकी घ्यायला. "पुन्हा लाव बघू," तो म्हणाला. तिने लावलं. "हे विदाउट," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आता विथ." दोन्ही वेळा खंजिरी होती. दोन्ही वेळा तशीच, चांदीची चिल्लर ओंजळीत खुळखुळवावी तशी. "कळला डिफरन्स?" "हो, हो, आता कळला," तो म्हणाला, आणि हेडफोन काढून तिच्या हातात दिले. "मघाशी लक्ष नव्हतं माझं." स्वराला ते पटलं. बापाचं लक्ष नसतं यावर त्या वयात कोणाचाही चटकन विश्वास बसतो. लॅपटॉप काखेत मारून ती आत गेली. गुरुप्रसाद खुर्चीतच बसून राहिला. नेमकं काय बिनसलं, ते त्याला अजून नीट सांगता आलं नसतं.

त्या बँडचं नाव 'सॉल्टबॉक्स सेव्हन'. अमेरिकेतल्या कुठल्याशा कारखान्यांच्या गावातली सात माणसं. दिवसा मोटारींचे भाग ठोकायची आणि संध्याकाळी वाजवायची म्हणे. सगळ्यांच्या आधी त्यांनी गाणाऱ्याला मागे सारलं आणि तालाला पुढे उभं केलं. बास गिटार जणू भांडायला उठल्यासारखी बोलायची, ट्रम्पेटवाले मध्येच एक टोला हाणून गप्प बसायचे, आणि सगळ्यांच्या वरून ती खंजिरी. आज त्यांचं नाव कोणाला ठाऊक नाही, पण त्यांचा तो ताल कुठे नाही ते सांगा. मॉलमध्ये आहे, जिममध्ये आहे, बिस्किटांच्या जाहिरातीत आहे, स्वराच्या आवडत्या रॅपरच्या बडबडीखाली आहे. माणसं गेली आणि चाल उरली. हे सगळं गुरुप्रसाद घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा, आणि नेमकी तेवढ्यात चारुशीला चहा टाकायला उठायची.

त्याच्यापर्यंत ते पोचले ते उल्हासकाकामुळे. काका कुवेतला, शुवैखच्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. कुठल्याशा अमेरिकन माणसाची गाडी दुरुस्तीला आली, तिच्या टेपमध्ये ही कॅसेट अडकलेली होती. ती काकाने चिमट्याने काढली, आणि मालकाने ती परत मागितली नाही. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा काका सगळं टाकून पळाला. वाळवंटातून, कॅम्पांतून, उन्हाने रापून काळाठिक्कर पडून नाशिकला परतला, आणि त्याच्या बोचक्यातून दोन शर्ट आणि ही कॅसेट निघाली. आजी म्हणाली होती, मेल्या, बांगड्या करायला पैसे पाठवायचास आणि शेवटी हे डबडं आणलंस. काकाने ते डबडं टेपमध्ये घातलं आणि कॉलेजातल्या पुतण्याला समोर बसवलं. "हे लोक समेवर जीव टाकतात," काका म्हणाला. तो भजनात बसणारा माणूस, त्याला 'सम' हाच शब्द माहीत होता. "आधी सम पकड. सम सापडली की बाकीचे आपोआप रांगेत येतात. आणि इंजिनाचंही तेच असतं रे. प्रत्येक इंजिनाला एक सम असते. ती चुकायला लागली की समजायचं, कुठेतरी दुखतंय." मग त्याने शेजारच्यांच्या स्कूटरवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ पुतण्याच्या कानाशी धरली, आणि गुरुप्रसादला आयुष्यात पहिल्यांदा यंत्राच्या पोटातलं ऐकू आलं. तिथून त्याचं सगळं ठरलं. तो मेकॅनिकल इंजिनियर झाला, तो कुवेतला आला, तो दक्षिणेकडच्या एका खाजगी खत कारखान्यात फिरत्या यंत्रांचा मुख्य झाला, आणि गायधनी साहेबांचा कान ही तिथे एक दंतकथा झाली. साहेब सळई टेकवतात, डोळे मिटतात, पायाने ठेका धरतात आणि सांगतात: हे तीन महिने चालेल, हे आज उघडा. सेन्सरपेक्षा साहेब बरे, असं अरब मॅनेजरसुद्धा म्हणायचा.

पण आता व्हरांड्यात त्याला आठवला तो शेवटच्या वर्षांतला काका. कॅसेट तोवर झिजून गेली होती. लावली की नुसती खरखर. काका मात्र रोज दुपारी ती लावून बसायचा, मांडीवर ठेका धरायचा, ठरावीक जागी मान हलवायचा. घरातली पोरं तोंडाला हात लावून हसायची. गुरुप्रसाद एका सुट्टीत गेला तेव्हा त्याला ते फार हृद्य वाटलं होतं. परत आल्यावर त्याने पार्टीत सांगितलंही होतं, की बघा, याला म्हणतात संगीत अंगात भिनणं. सगळे वा वा म्हणाले होते. काकाला ऐकू येत नव्हतं, एवढी साधी गोष्ट त्या पार्टीत कोणालाच सुचली नाही. काकाला तरी कळली होती का? की मरेपर्यंत तो ऐकतच होता, खंजिरीसकट, रोज, स्पष्ट?

त्याने उजव्या हाताची बोटं कानाजवळ नेऊन एकमेकांवर घासली. आवाज आला. मग त्याच्या मनात आलं, येणारच, कारण बोटं मी घासतोय हे मला ठाऊक आहे. तो घाबरून उठला. समोर पाण्यावर पांढरे पक्षी चोची उघडत होते, मिटत होते. ओरडत असतील का? ओरडत असणारच, हे पक्षी ओरडतातच, आणि हा विचार येताच त्यांचं ओरडणं त्याला ऐकू आलं. म्हणजे आधी विचार आणि मग आवाज. हे असं कधीपासून चाललं होतं? मायक्रोवेव्ह वाजला तरी उठत नाही म्हणून चारुशीला चिडायची. हल्ली सगळे पुटपुटतात म्हणून तो चिडायचा. आणि घरी रात्री अंथरुणावर पडलं की कारखान्याची ती धडधड कानात असायची. ती एसीची म्हणून तो कूस बदलायचा आणि झोपायचा. एसी हिवाळ्यात बंद असतो.

मागून बांगड्या किणकिणल्या. पोह्यांची बशी घेऊन चारुशीला आली असणार, तो वळला, आणि ती आलीच होती. त्याचा जीव भांड्यात पडला. बांगड्यांइतकी बारीक किणकिण ज्याला ऐकू येते त्याला काय झालंय? "गार होतील, खा," ती म्हणाली. त्याने बशी घेतली आणि त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. मनगट मोकळं होतं. दुसरंही.

"बांगड्या कुठे तुझ्या?"

"आता दिसलं का? दिवाळीपासून नाही घालत मी. हात सुजतात." ती थोडी खूशही झाली, उशिरा का होईना नवऱ्याचं लक्ष गेलं म्हणून. "काय झालं? चेहरा असा का झालाय?"

"काही नाही. वारं आहे फार."

दिवाळीपासून. आणि रोज सकाळी अंथरुणात तो त्या बांगड्या ऐकत होता, कणीक मळतानाच्या, डबा भरतानाच्या. त्या आवाजावरच तो उठायचा. चारुशीला आत गेल्यावरही बशी त्याच्या हातात तशीच राहिली. खंजिरीचं एक वेळ सोडून देता आलं असतं. गाण्याचं काय, ते तर मनातही वाजतं. पण आपल्या बायकोच्या हातातल्या नसलेल्या बांगड्या ज्याला महिनोन्‌महिने ऐकू येतात, त्याला आणखी काय काय ऐकू येत असेल? आणि मग कालची दुपार त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. खरं म्हणजे ती मघापासून तिथेच उभी होती, तो तिच्याकडे बघत नव्हता एवढंच.

काल, गुरुवारी, आठवडा संपवून सगळे घरी जायच्या घाईत असताना अमोनियाच्या कॉम्प्रेसरचा अलार्म मध्येच लुकलुकायला लागला. परीक्षित धावत आला. परीक्षित पुण्याचा, तिशीतला, हुशार, आणि स्वतःच्या हुशारीपेक्षा कॉम्प्युटरच्या पडद्यावर जास्त विश्वास असलेला. "सर, बेअरिंगचं व्हायब्रेशन आहे. हाय फ्रीक्वेन्सीला रीडिंग वर जातंय, परत खाली येतंय. मला वाटतं बंद करावं." बंद केलं की सगळा कारखाना थांबतो, मॅनेजरचा फोन येतो, सगळ्यांच्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीचा बोऱ्या वाजतो आणि खैरानचा शॅले हातचा जातो. गुरुप्रसादने सळई मागवली. बेअरिंगवर टेकवली, कानाशी धरली, डोळे मिटले. भोवती सगळे गप्प उभे राहिले, देवळात उभे राहतात तसे. आणि त्याला ऐकू आलं ते एक निरोगी, भरदार, समेवर जीव टाकणारं यंत्र. नेहमीसारखं. अगदी नेहमीसारखं. "सेन्सर खोटं बोलतोय," तो म्हणाला होता. "त्याला बायपास कर, म्हणजे मशीन आपोआप बंद पडणार नाही. रविवारी सेन्सर बदलू." परीक्षित घुटमळला. म्हणाला, "सर, उद्या त्याच शेडमध्ये लवूचं काम आहे, पाइपांचं इन्सुलेशन काढायचंय. ते तरी पुढे ढकलू का?" लवू तिथेच उभा होता, कुडाळकडचा फिटर, दिवसभर अंगावर घामाची मीठरेघ घेऊन फिरणारा, कधी कसली कटकट न करणारा. तो हसून म्हणाला, "साहेबांनी कान लावलो मा? मगे माका कसली भीती?" सगळे हसले. गुरुप्रसादने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बायपासवर सही केली.

अगदी नेहमीसारखं. बेअरिंग बिघडायला लागलं की पहिला आवाज फार वरचा असतो, बारीक, किणकिणता, खंजिरीसारखा. धडधडीच्या वरून तो येतो. धडधड त्याला ऐकू येत होती यात शंका नाही, तो खालचा सूर अजून शाबूत होता. पण वरचा? वरचा त्याने ऐकला तो आठवणीतला होता. त्या कॉम्प्रेसरचा निरोगी आवाज त्याला इतका पाठ होता की समोर मढं असतं तरी त्याला ते गाताना ऐकू आलं असतं. कान नव्हताच त्याला. त्याच्याकडे होती ती पाठांतराची वही, आणि तीच तो सळई लावून वाचत होता, आणि भोवती माणसं माना डोलावत उभी. बेअरिंग गेलं की शाफ्ट डगमगतो, शाफ्ट डगमगला की सील फाटतं, आणि सील फाटलं की अमोनिया त्या शेडमध्ये भरायला फार वेळ लागत नाही. आणि शेडमध्ये लवू.

पण वर्षाच्या तपासणीत तर मी पास होतो, त्याचं मन म्हणालं. मन वकील असतं, शेवटपर्यंत भांडतं. दर वर्षी ती काचेची खोली, कानांवर ते घट्ट कप, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. गेल्या वर्षीही नर्स म्हणाली होती, तुमच्या वयाला एवढे चांगले कान मी पाहिले नाहीत. ती खोली त्याने आता आठवून पाहिली, नीट, भीत भीत. सूर यायचा, थांबायचा, यायचा, थांबायचा. नर्सचा हात ठरावीक लयीत चालायचा. काचेतून तिचा खांदा दिसायचा. आणि त्याच्या पायाने खाली ठेका धरलेला असायचा. तिची सम त्याला पहिल्या मिनिटातच सापडली होती. पुढे तो आवाज आल्यावर बटण दाबत होता, की आवाज यायला हवा त्या जागी? तो प्रामाणिक माणूस होता, त्याने फसवलं नव्हतं, त्याला दर वेळी खरोखरच सूर ऐकू आला होता. त्या सात अमेरिकनांनी आणि एका काकाने त्याला इतकं पक्कं शिकवून ठेवलं होतं की त्याला आता जगाची गरजच उरली नव्हती. हे कळल्यावर तो पुन्हा खुर्चीत बसला.

आणि समजा फोन केला, तर काय सांगायचं? की मी काल सही केली पण मला ऐकू येत नाही? हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही. सोमवारपर्यंत मेडिकल, त्यानंतर एचआरचं गोड बोलणं, त्यानंतर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द. इथे नोकरी आहे तोवर घर आहे. इकामा गेला की फ्लॅट, शाळा, गाडी, सगळं एका दोरीला बांधल्यासारखं जातं. स्वराची परीक्षा तोंडावर. पन्नाशी उलटलेल्या, कानाने गेलेल्या इंजिनियरला नाशिकला कोण विचारतंय? आणि बेअरिंग कदाचित धड असेलही. सेन्सर याआधी खोटे बोललेले आहेत. उगाच एका पोरीच्या खेळावरून सगळा संसार रस्त्यावर आणायचा? इथून कारखाना लांब नाही. हमरस्त्याला लागलं की तासाच्या आत पोचता येईल. जावं, पुन्हा एकदा सळई टेकवावी, खात्री करून घ्यावी. तो गाडीची किल्ली शोधायला उठलासुद्धा. खिसा चाचपता चाचपता त्याचा हात थांबला. जाऊन ऐकायचं. कशाने?

तिथे तो खरा घाबरला. आत्तापर्यंतची भीती नोकरीची होती, लवूची होती, तिला नाव होतं. ही वेगळीच होती. दुसरा कोणीही माणूस चुकला तर पुन्हा जाऊन बघू शकतो. त्याला ती सोय नव्हती. तो शंभरदा गेला असता तर शंभरदा त्याला तेच यंत्र गाताना ऐकू आलं असतं. बाहेरचं काही आत यायला दारच नव्हतं. रूपेशची शेगडी एकदाची पेटली होती. तो हात वर करून काहीतरी ओरडत होता, बहुधा 'पेटली रे!' आणि गुरुप्रसादला 'पेटली रे!' ऐकू आलं, आणि ते ऐकू आलं याचीच त्याला दहशत बसली. त्याने फोन काढला. परीक्षितचं नाव दोनदा निसटलं.

"परीक्षित, लवू कुठे आहे?"

"शेडमध्येच आहे सर. का?"

"त्याला बाहेर काढ. आधी त्याला बाहेर काढ, मग कॉम्प्रेसर बंद कर. आत्ता."

"सर, पण तुम्ही काल स्वतः... बायपास आहे म्हणून मी गप्प होतो. सकाळपासून रीडिंग वरच आहे. तुम्ही म्हणालात सेन्सर खोटं बोलतोय, म्हणून मी..."

"सेन्सर खोटं बोलत नव्हता. मी बोलत होतो."

"म्हणजे? सर, मॅनेजर विचारतील. कारण काय देऊ? कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं?"

गुरुप्रसादने काचेतून आत पाहिलं. स्वरा पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली होती, हेडफोन लावून, मान हलवत. ठरावीक जागी. तिची मान कुठे हलते ते त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि इतकं सगळं चाललेलं असताना त्याला त्या पोरीचं अनावर प्रेम आलं आणि रडू आलं. तिच्या कानात आत्ता ती खंजिरी खरी होती, बाहेरून आलेली. तिच्यापर्यंत पोचलं होतं ते सगळं. त्याच्यापाशी नुसता ठसा राहिला होता.

"कारण लिही," तो म्हणाला, "की गुरुप्रसाद गायधनी यांना ऐकू येत नाही. मराठीत सांगतोय तुला, इंग्रजीत नीट लिही. कालची सही मी ऐकू येत नसताना केली आहे. माझं नाव घाल. आणि आता बोलत बसू नकोस, पळ. फोन चालू ठेव."

परीक्षित पळाला. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, बुटांचा आवाज, कोणाला तरी हिंदीत ओरडणं. मग शेडचं दार उघडलं असावं, कारण एकदम ती धडधड फोनमध्ये शिरली. भरदार. गुरुप्रसादने फोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. धड, धड, धड, धड, आणि पहिलीवर तो सगळा जोर. चारुशीला दारात येऊन उभी राहिली. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोकळा, सुजलेला हात. परीक्षितचं 'लवू, बाहर आओ, बाहर!' आलं. धडधड चालूच. कोणीतरी खोकलं. धडधड चालूच. आता बटण दाबायला एवढा वेळ का? पॅनेल दारापासून लांब नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तो शाफ्ट आला, थरथरणारा, कणाकणाने सुटत जाणारा, आणि परीक्षित एखाद्या परवानगीची वाट बघत उभा.

"परीक्षित! परीक्षित, काय करतोयस?"

फोन कोणाच्या तरी हातात बदलला. "साहेब, मी लवू. मी भायर इलंय. परीक्षित सायब दुसऱ्या फोनार आसत, मॅनेजराबरोबर. तुमी कायएक काळजी करू नकात."

गुरुप्रसादला हुंदका फुटला. लवूचा आवाज, जिवंत, नाकातला. "लवू, तू लांब जा तिथून. गेटकडे जा. आणि त्याला सांग, मशीन बंद कर म्हणून. अजून का चालू ठेवलंय? मला इथपर्यंत ऐकू येतंय."

लवू काही बोलला नाही. वारा होता बहुधा तिकडेही.

"लवू?"

"साहेब," लवू म्हणाला, हळू, आजारी माणसाशी बोलतात तसं, "मिशिन कदीच बंद झाला. हय सगळा गप आसा."

गुरुप्रसादने फोन कानावर तसाच धरून ठेवला. पाण्यावर पक्षी चोची उघडत होते. चारुशीलाचे ओठ हलत होते, त्याला नावाने हाक मारत असावी. आणि फोनमधून, किंवा जिथून येत होती तिथून, ती धडधड येतच होती, समेवर जीव टाकत, एकदाही न चुकता, आणि तिच्या मागे, कसलीही घाई न करता, किंचित रेंगाळत, खंजिरी.